माया होती, पण पोचली का?

(चांदूर रेल्वे येथील व्याख्यानमालेत ‘घर, संस्कार आणि माणसांतील नाती’ या विषयावर एका ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित भाग.)



ज्या गावाने आपल्याला लहानाचे मोठे केले, त्या गावात व्याख्याता म्हणून उभे राहणे अवघड असते. समोर बसलेल्यांपैकी काहींनी माझे कान पिळलेले आहेत आणि काही जण शाळा बुडवून माझ्याबरोबर मालखेडच्या तलावावर आलेले आहेत. येथे मोठेपणाचा आव आणण्याची सोय नाही. ते एका परीने बरेच झाले, कारण आजचा विषय आव आणून बोलण्याचा नाहीच.

मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार आहे. लहानपणी आईवडील आपल्याशी कसे वागले असे आपल्याला वाटते, आणि मोठेपणी माणसांशी वागताना आपल्याला कोणत्या अडचणी येतात, या दोहोंचा संबंध काय, एवढाच प्रश्न मला आपल्यापुढे ठेवायचा आहे. यातील ‘असे आपल्याला वाटते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ते का, हे सांगण्यासाठी मला आपल्या स्टेशनवर जावे लागेल.

मालधक्क्याआडचे वडील

१९८७ चा जून महिना. बी.ए. करण्यासाठी मी नागपूरला निघालो होतो. पत्र्याची पेटी, वळकटी आणि आईने दिलेल्या दशम्या. पोचवायला दादा आला होता. माझे वडील जिनिंग फॅक्टरीत दिवाणजी होते. हिशेबाला चोख आणि बोलण्याला त्याहून चोख. दहावीची गुणपत्रिका त्यांच्या हाती दिली, तेव्हा त्यांनी एकच विचारले होते, “गणितातले आठ मार्क कुठी गेले?” तर ते वडील स्टेशनवर आले नाहीत. गाडी सुटेपर्यंत मी दाराशी उभा राहून फाटकाकडे पाहत होतो. पुढची तीस वर्षे मी माझ्या पत्नीला, मित्रांना आणि मनातल्या मनात स्वतःला हेच सांगत आलो की, मी पहिल्यांदा घर सोडले त्या दिवशीही आमचे बाबा आले नाहीत.

वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी आम्ही दोघे भाऊ ओसरीवर बसलो असताना मी हे दादाजवळ बोललो. दादा माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, “अबे, आले होते ना बाबा! मालधक्क्याच्या आडोशाले उभे होते, गाडी सुटेपर्यंत. मले म्हणे, त्याले सांगू नको, उगाच रडन तो.”

बंधू-भगिनींनो, या ठिकाणी कथा संपवून ‘बाप असा असतो’ असे म्हणता येईल. डोळ्यांत पाणीही येईल. पण मी पत्रकार आहे, बातमी अर्धी सोडता येत नाही. माया होती, हे खरे. ती मालधक्क्यापर्यंत आली आणि तेथेच थांबली, गाडीत बसलेल्या मुलापर्यंत पोचली नाही, हेही तितकेच खरे. आणि तो मुलगा पुढची तीस वर्षे जगला तो, जे पोचले त्याच्या हिशेबाने. जे मालधक्क्याआड उभे होते, त्याच्या हिशेबाने नव्हे.

अभ्यासक काय विचारतात?

मनाचा अभ्यास करणाऱ्यांनी या गोष्टीचा माग काढलेला आहे. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील गॉर्डन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत पंचवीस विधाने आहेत. वयाच्या पहिल्या सोळा वर्षांतील आई तुम्हाला कशी आठवते, वडील कसे आठवतात, हे प्रौढ माणसाने सांगायचे. उत्तरांतून दोन गोष्टी मोजल्या जातात. पहिली माया, दुसरी नियंत्रण. म्हणजे आईवडिलांनी किती जवळ घेतले आणि किती जखडून ठेवले. माया कमी आणि नियंत्रण जास्त, अशी आठवण सांगणाऱ्यांमध्ये मोठेपणी मनाचे त्रास अधिक आढळतात, असे या अभ्यासाच्या वाटेने गेलेल्या अनेकांना दिसून आले.

१९८८ साली अमेरिकेतील लेनर्ड होरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. उपचारासाठी येणारी माणसे आपल्या नात्यांविषयी कोणत्या तक्रारी सांगतात, त्या गोळा करून त्यांनी एकशे सत्तावीस वाक्यांची यादी केली. त्या यादीचे दोनच भाग आहेत. एक, ‘मला अमुक करणे जमत नाही’ आणि दुसरा, ‘मी अमुक गोष्ट फार करतो’. नाही म्हणणे जमत नाही. मदत मागणे जमत नाही. विश्वास टाकणे जमत नाही. दुसऱ्यांवर सत्ता फार गाजवतो. सगळ्यांना खूष ठेवण्याचा प्रयत्न फार करतो. त्या यादीचे वर्णन वाचले तेव्हा मला वाटले, ही आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीची हजेरीपत्रिकाच आहे आणि तीत माझे नाव दोन ठिकाणी आहे. मला कुणाजवळ अडचण सांगणे जमत नाही, आणि मी दुसऱ्यांच्या चुका फार काढतो. गणितातले आठ मार्क मी आयुष्यभर शोधत राहिलो. कधी स्वतःचे, कधी हाताखालच्या उपसंपादकाचे.

आठवणींचा आणि अडचणींचा हा संबंध अनेक अभ्यासांत आढळला असला, तरी तो पंचांगासारखा वाचायचा नाही. संबंध आढळणे वेगळे आणि कारण सिद्ध होणे वेगळे. आज मन खिन्न असेल तर बालपणही अधिक काळवंडलेले आठवते. स्वभावाचा काही भाग जन्मतःच येतो, आणि मुलाचा स्वभाव पाहून आईवडीलही वागणे बदलतात. एकाच ताटात जेवलेली भावंडे एकाच बापाची दोन चित्रे काढतात, हे मी आपल्याला आताच सांगितले. म्हणून ‘माझ्या संसाराचे वाटोळे वडिलांमुळे झाले’ असा निवाडा या अभ्यासातून निघत नाही. त्यातून निघतो तो इशारा. आपण किती माया केली, हे आईबाप सांगतात. ती किती पोचली, हे मात्र मुलांनाच विचारावे लागते.

धाक आणि जवळीक

येथे अनेकांच्या मनात शंका आली असेल. मग शिस्त लावायचीच नाही का? आमच्या पिढीने मार खाल्ला, म्हणून आम्ही काय बिघडलो?

शिस्तीवर दोषारोप करण्याचे कारण नाही. रूथ चाओ या संशोधक महिलेने १९९४ साली चिनी कुटुंबांविषयी लिहिताना दाखवून दिले की, पाश्चात्त्य मोजपट्टीवर जी कडक शिस्त नुसती हुकूमशाही ठरते, तिच्यात चिनी मुलाला आईची काळजी आणि शिकवण दिसू शकते. नियम तोच असतो, पण त्याचा अर्थ घराघरांत बदलतो. आणि हा अर्थ ठरवते ती धाकाबरोबर आलेली, किंवा न आलेली, जवळीक.

आपल्याकडे याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपण संस्कारांचे पुस्तक म्हणून मुलांच्या हाती देतो. पण ते आईने लिहिलेले नाही. ते मुलाने, मोठेपणी, आठवणीतून लिहिले आहे, आणि म्हणूनच आजच्या विषयात ते चपखल बसते. ही आई मवाळ नाही. पोहायला भिणाऱ्या श्यामला ती मारून विहिरीकडे पाठवते. तरीही त्या मुलाच्या स्मरणात तो मार माया होऊन राहिला, कारण मारणारा हात नंतर कुरवाळायलाही आला. मार होता म्हणून श्याम घडला, असा अर्थ आपण काढतो आणि पुस्तकाचा अर्धा भाग वाचायचा सोडून देतो.

तीच गत आपल्या एका प्रसिद्ध सुभाषिताची. पहिली पाच वर्षे लाड, पुढची दहा वर्षे धाक आणि सोळावे लागले की मुलाशी मित्रासारखे वागावे, असे ते सांगते. यातील धाक आपल्याला तोंडपाठ आहे. सोळाव्या वर्षी करायची मैत्री किती घरांत झाली? योगायोग पाहा, पार्कर यांची प्रश्नावलीही आठवणींचे दार सोळाव्या वर्षाशीच बंद करते. जणू दोघेही विचारतात की, तोवर काय पोचवलेत?

मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९७८ साली भारतीय बालपणावर लिहिलेल्या ग्रंथात एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले आहे. आपल्याकडचा मुलगा पहिली काही वर्षे आईच्या कुशीत अखंड मायेत वाढतो आणि मग एकाएकी पुरुषांच्या, नियमांच्या जगात ढकलला जातो. त्या जगाच्या दाराशी वडील उभे असतात. पण हात पुढे करून नव्हे, बहुधा छडी घेऊन किंवा गुणपत्रिका मागत. दार तेच राहील. तेथे उभ्या असलेल्या माणसाने काय हाती घ्यावे, हे मात्र आपल्याला ठरवता येते.

जखडणारी माया

माझ्या पिढीचा प्रश्न न पोचलेल्या मायेचा होता. आजच्या मध्यमवर्गीय घरांत प्रश्न उलटा आहे. माया भरपूर आहे, पण तिच्या हातात दोरी आहे. एकच मूल असते. त्याची शाळा, शाखा, अकोल्याचे किंवा अमरावतीचे शिकवणी वर्ग, मित्र, कपडे, सगळे ठरलेले. तो कोठे आहे हे आईच्या मोबाइलवर दिसते. हे सारे प्रेमापोटीच चालते. पण पार्कर यांच्या मोजणीतला दुसरा काटा नेमका याचाच आहे. ज्याला सोळा वर्षांत एकही निर्णय घेऊ दिला नाही, तो अठ्ठाविसाव्या वर्षी लग्नाचा, नोकरीचा, घराचा निर्णय कसा घेईल? तो एक तर प्रत्येक गोष्टीला होकार देत राहतो आणि आतून धुमसतो, नाहीतर एके दिवशी साऱ्यालाच नकार देऊन तोंड फिरवतो. सून आणि सासू यांच्या भांडणात मधोमध मुकाट बसलेला मुलगा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला आपण गरीब स्वभावाचा म्हणतो. ‘नाही’ हा शब्द त्याला त्याच्या घराने कधी वापरूच दिला नाही, असेही असू शकते.

आपल्यासारख्या सामाजिक कामात वावरणाऱ्यांनी स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. गावोगावी प्रवास करणारा कार्यकर्ता दहा घरांत जातो, प्रत्येक मुलाला नावाने हाक मारतो, आजीच्या गुडघ्यांची चौकशी करतो. रात्री उशिरा स्वतःच्या घरी आल्यावर मुलाला काय विचारतो? बहुधा एवढेच, “अभ्यास झाला का?” कार्यकर्त्याची मुले वडिलांविषयी अभिमानाने बोलतात, हे मी ऐकले आहे. त्या अभिमानात मिसळलेला एक एकटेपणाही ऐकला आहे.

वऱ्हाडात आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. मला तो सांभाळून करायचा आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख आपल्या जिल्ह्याने फार जवळून पाहिले आहे. कर्ज, कापसाचा भाव, कोरडवाहू जमीन आणि लहरी पाऊस ही त्याची कारणे आहेत, आणि त्यांची उत्तरे बाजारात आणि शासनदरबारीच शोधावी लागतील. त्यांचे खापर कोणाच्या घरावर फोडणे हे पाप होईल. पण बातमीदार म्हणून अशा घरांच्या ओट्यावर बसलो असताना एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकले, “काहीच बोलले नाही हो ते.” पुरुषाने अडचण सांगायची नसते, हे आपण मुलांना फार लहानपणी शिकवतो. राज्य शासनाने २०१५ साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला. २०२२ पासून ‘टेली मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा आहे. या सोयी आवश्यकच आहेत. पण त्या क्रमांकावर फोन लावायला जे बळ लागते, ते ‘मला जड जाते आहे’ असे घरात बोलता आल्यानेच येते.

वारसा नाकारणारा देबू

मग जे लहानपणी पोचले नाही, ते कायमचे गेले का? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

१८७६ साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी देबूचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी गेले. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. देबू आजोळी गुरांमागे आणि शेतात राबत वाढला. पुढे त्याला मुलगी झाली. तिच्या बारशाला भाऊबंदांची रीत दारू-मटणाची होती. देबूने ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. लोक नाराज झाले, पण तो डगमगला नाही. हाच देबू म्हणजे गाडगेबाबा.

या प्रसंगाकडे आपण व्यसनमुक्तीचा प्रसंग म्हणून पाहतो. मला त्यात एक बापही दिसतो. वडिलांकडून आलेले जे त्याला पुढे द्यायचे नव्हते, ते त्याने लेकीच्या पाळण्यापाशी थांबवले. वारसा म्हणजे मिळाले ते सगळे पुढे ढकलणे नव्हे. काय ठेवायचे आणि काय येथेच थांबवायचे, हे ठरवणे म्हणजे वारसा. आधुनिक संशोधनही निराळ्या वाटेने येथे येते. अमेरिकेतील मेरी मेन यांनी १९८० च्या दशकात आईवडिलांना त्यांच्याच बालपणाविषयी सविस्तर बोलते केले. त्या मुलाखतींतून दिसले ते असे की, बालपण सुखाचे होते की दुःखाचे, यापेक्षा माणूस ते किती सुसंगतपणे, न लपवता आणि न भडकता सांगू शकतो, याचा त्याच्या मुलाशी असलेल्या नात्याशी जवळचा संबंध असतो. ज्याने आपली गोष्ट नीट उलगडली, त्याला कठोर बालपणानंतरही मुलांना सुरक्षित घर देता येते.

लाल शाई

आता माझ्या घरातील गोष्ट सांगतो आणि थांबतो.

माझी मुलगी पुण्याला शिकायला गेली. पहिल्या वर्षी ती मला मोबाइलवर लांबलचक मराठीत लिहायची. खोली, मैत्रिणी, खानावळीतली पातळ आमटी. मी सवयीने तिच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून, शुद्ध करून, तोच मजकूर तिला परत पाठवायचो. मला ते प्रेम वाटत होते. हळूहळू तिचा मजकूर आखूड होत गेला. पुढे फक्त ‘ओके’ येऊ लागले. ‘ओके’त शुद्धलेखनाची चूक निघत नाही.

त्या वर्षी ती एका विषयात नापास झाली होती. कित्येक रात्री झोपली नव्हती, शिक्षण सोडून परत यावे असे तिला वाटत होते. हे तिने तिच्या मोठ्या आईला, म्हणजे आमच्या वहिनीला सांगितले. मला सहा महिन्यांनी कळले. “मला का नाही सांगितलेस?” असे विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, “बाबा, तुम्ही ऐकत नाही. तपासता.”

त्या रात्री मला मालधक्का दिसला. त्याच्या आड आता मी उभा होतो.

बालशिक्षणाचे मोठे काम उभारणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत होत्या. पुढे त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ पासून अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली. या सगळ्या मंडळींचा आग्रह एकच होता. मुलाला शिक्षा आणि आमिष यांनी हाकू नका, आधी त्याच्याकडे नीट पाहा, त्याचे ऐका. त्याला शतक होत आले. त्यांचे शिक्षण अंगणवाडीपर्यंत पोचले, माझ्या घरात मात्र ते पोचले नव्हते.

मी मुलीला मोठे पत्र वगैरे लिहिले नाही. एवढेच सांगितले की माझे चुकले, आणि माझे वडील स्टेशनवर आले होते ती गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतले. लगेच काही बदलले नाही. दोन महिन्यांनी तिचा एक लांब मजकूर आला. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका होत्या. मोजल्या मी, सवय लवकर जात नाही. पण परत पाठवल्या नाहीत.

आपल्यापैकी प्रत्येक जण कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी आहे आणि बहुतेक जण कुणाचे आईबाप. ज्यांचे आईवडील आज आहेत, त्यांनी एकदा त्यांच्याजवळ बसून विचारावे, तेव्हा तुम्ही कोठे उभे होतात? मला ते विचारायचे राहून गेले आणि उत्तर श्राद्धाच्या दिवशी मिळाले. आणि ज्यांची मुले घरात आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर मुलांना एवढेच विचारावे, ‘माझ्या वागण्यातले तुला काय आवडत नाही?’ उत्तर येईल ते ऐकावे. तपासू नये.